कटकट बंद

"तुझा म्हातारा आज निवृत्त," जिनदत्त म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. "चारच्या आत निरोप समारंभ उरकू. मला साडेचारची बस आहे."

म्हातारा म्हणजे माणूस नव्हे. म्हातारा म्हणजे आमचा पार्सर जनरेटर, आणि तो मी निवडलेला होता. म्हणून ते वाक्य मला झोंबलं. मी हातातला स्टीलचा पेला टेबलावर असा आपटला की पाणी कागदांवर सांडलं. जिनदत्त शांतपणे कागद उचलून झटकायला लागला. त्याच्या त्या शांतपणाचाच मला नेहमी राग यायचा.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते, जिनदत्त उपाध्ये माझा वर्गमित्र, तो पुण्यात नोकरी करायचा. आम्ही दोघांनी मिळून 'चाळण' नावाचं एक साधन लिहिलं होतं. कॉलेजातले साठ-सत्तर कॉम्प्युटर दिवसभर एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलत असतात, ते बोलणं लहान लहान पाकिटांतून जातं. कुठल्या यंत्रावरून किती पाकिटं निघाली, कुठं गेली, हे चाळण मोजायची. फुकट होती आणि उघडी होती. कुणीही घ्यावी, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवं ते बदलावं.

आणि तिला मराठीत विचारता यायचं. तो माझा हट्ट. तालुक्याच्या कॉलेजातल्या माणसानं 'यंत्र ४ किंवा यंत्र ७' असं लिहिलं की तिनं समजून उत्तर द्यायचं. आता यंत्राला वाक्य समजायचं तर आधी ते फोडावं लागतं. ते फोडणारा भाग म्हणजे पार्सर. तो कुणी हातानं लिहीत बसत नाही. आपण व्याकरणाचे नियम लिहून द्यायचे, त्यावरून पार्सर तयार करून देणारा दुसरा प्रोग्राम असतो, तो पार्सर जनरेटर. आमचा जुना होता, सगळ्या जगानं वापरलेला. जिनदत्तला नवा हवा होता. सोमवारी एका विद्यापीठाला पत्र जायचं होतं, त्यांच्या चाळीस कॉलेजांत चाळण बसणार होती. त्याआधी कुठला ठेवायचा ते आम्हाला ठरवायचं होतं.

"तुझा म्हातारा कुरकुर करतो," जिनदत्त म्हणाला. "जरा नियम बदलला की इथं पेच, तिथं पेच. लाल अक्षरांनी पान भरतं. माझा बघ, एक तक्रार नाही. दिलेला नियम घेतो, गप काम करतो."

"गप काम करणारे मला माहीत आहेत."

"टोमणा मारू नकोस, पद्मजा. करून बघू की. कॉलेजच्या लोकांनी वर्षभरात चाळणीला विचारलेली सगळी वाक्यं साठलेली आहेत. तीच दोघांना घालू. उत्तरं जुळली तर माझा घ्यायचा, वेगानं तो दुप्पट आहे."

तेवढ्यात प्रयोगशाळेची तक्रारवही आली. दर शनिवारी ती माझ्या सहीला यायची. कुठला माऊस चालत नाही, कुठल्या पडद्यावर रेघा येतात, असल्या नोंदी. एरवी ती वही कल्लाप्पा अण्णा घेऊन यायचे. कल्लाप्पा तारदाळे, बावीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. पण अण्णा तीन आठवड्यांपासून निलंबित होते, म्हणून ऑफिसातला शिपाई आला होता. मी बोलता बोलताच पान उलटलं, खाली सही ठोकली आणि वही परत दिली.

अण्णांचं नाव निघालं की तेव्हा माझं तोंड कडू व्हायचं. परीक्षेचा पेपर आदल्याच दिवशी पोरांच्या मोबाईलवर फिरला होता. प्राचार्यांनी ऑफिसकडून चाळणीला विचारून घेतलं, तर अण्णांच्या अकरा नंबरच्या यंत्रावरून त्या एका दिवसात एक्केचाळीस हजार पाकिटं कॉलेजबाहेर गेलेली. निलंबनाच्या दोन दिवस आधी अण्णा माझ्या खोलीत आले होते. मी पेपर तपासत होते. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, मी काय केलेलं नाही. तुमची चाळण चुकतीया. मी वायर काढून..." वायरीचं काहीतरी सांगत होते. मला संताप आला होता. स्वतः दिवे लावायचे आणि वर माझ्या कामाला नावं ठेवायची. मी मान वर न करता म्हटलं होतं, "अण्णा, कटकट नको. चाळण मोजते ते बरोबरच मोजते."

ते गेले. मी पुढचा पेपर उचलला.

तर जिनदत्तनं वाक्यं घातली. एकसारखी एकदाच धरून दोनशे अडतीस होती. दोन खिडक्यांत आकडे भराभर उतरत गेले, डावीकडं माझा म्हातारा, उजवीकडं त्याचा नवा. दोनशे सदतीस उत्तरं तंतोतंत जुळली. एक नाही.

"बघ," जिनदत्त खुशीत म्हणाला. "तुझा म्हणतो एक्केचाळीस हजार दोनशे सहा. माझा म्हणतो चौऱ्याण्णव."

"तुझाच चुकला असणार."

"वाक्य तरी वाच आधी."

मी वाचलं. 'वगळा आतलं आणि यंत्र ११'.

आकडा डोळ्यांपुढं होता, तरी तो मला कुठं भेटलाय हे कळायला क्षण गेला. हा अण्णांचा आकडा होता.

"वगळा हा शब्द फक्त त्याच्या पुढच्या एका शब्दाला लागतो," जिनदत्त सांगत होता. त्याला अण्णांचं काही माहीत नव्हतं. "तुझ्याच पुस्तिकेत लिहिलंस. म्हणजे कॉलेजच्या आतल्या आत फिरलेलं वगळा, आणि उरलेल्यात अकरा नंबरचं दाखवा. माझ्यानं तेच केलं. तुझ्यानं आतलं आणि अकरा ही जोडी धरली, ती जोडी वगळली, आणि बाकी अख्ख्या कॉलेजचं मोजून मोकळा झाला. भेळवाल्याला कांदा नको आणि तिखट म्हणावं, आणि त्यानं कांदाही काढावा, तिखटही काढावं, तसं."

"वर्षभर कुणाला कसं दिसलं नाही?"

"वगळा लोक शेवटी लिहितात. तिथं चुकत नाही. हा कोण शहाणा, त्यानं आधी लिहिलं."

उत्तराची सविस्तर यादी उघडली असती तर साठ यंत्रांची पाकिटं दिसली असती. यादी कुणी उघडली नव्हती. सगळ्यांनी खालची बेरीज वाचली होती, त्यात मीही आले.

मी जिनदत्तला अण्णांचं सांगितलं. सोमवारी अकरा वाजता चौकशी समिती बसणार आणि त्यांची नोकरी जाणार, हेही सांगितलं. त्याचा चेहरा पडला, पण मला त्याची दया आली नाही. मला कुणावर तरी तुटून पडायचं होतं आणि समोर तोच होता.

"पण माझा जनरेटर गप बसत नाही," मी म्हटलं. "एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर तो आधी बोंबलतो. हा त्याचा गुण आहे. मग इथं का बोंबलला नाही? तूच काहीतरी केलं असशील. व्याकरणाच्या फाईलला हात लावायची तुझी खोड."

"मी गेल्या दोन वर्षांत ती फाईल उघडलेली नाही."

"खोटं बोलू नकोस."

"फाईल उघड की. बदल केलेल्या प्रत्येक ओळीवर नाव असतं."

मी फाईल उघडली. चौथ्याच ओळीत सापडलं. त्या जनरेटरला अशी एक ओळ लिहून देता येते की इतके पेच मला माहीत आहेत, तेवढ्यांबद्दल बोलू नकोस. तिथं आकडा होता सात. सात ठिकाणी म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की बाई, इथं दोन अर्थ होतात, मी एक धरतो आहे. आणि कुणीतरी त्याचं तोंड बांधलं होतं. मी ओळीचा इतिहास मागवला, जिनदत्तला तोंडघशी पाडायचं म्हणून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"बदल करणार, पद्मजा मगदूम," मी वाचलं.

पुढं तारीख होती. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाहुणे चाळण बघायला येणार होते, त्याच्या आदली दुपार. पाहुण्यांसमोर लाल अक्षरं नकोत, एवढंच माझ्या मनात होतं. बदलाबरोबर कारण दोन शब्दांत लिहायचं असतं. मी लिहिलं होतं, 'कटकट बंद'.

जिनदत्त हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

तो म्हणाला, "हे बघ. नवा घेऊ. त्यात चूक नाही. विद्यापीठाला सोमवारी नवीच चाळण पाठवू. प्राचार्यांना म्हणावं, नव्यानं एकदा मोजून बघा. त्यात अण्णा आपोआप सुटतील. जुन्याचं काय झालं ते कुणाला सांगायची गरज नाही."

"म्हणजे गुपचूप."

"गुपचूप कशाला म्हणतेस? सुधारणा म्हण. पद्मजा, चाळीस कॉलेजं आहेत. पाच वर्षं मी रविवार बघितलेला नाही. एका वाक्यासाठी सगळं पाण्यात घालणार आहेस का?"

"एका वाक्यासाठी नाही, एका माणसासाठी."

"माणूस सुटतोय ना."

मी त्याचा लॅपटॉप ओढून घेतला. त्याच्या व्याकरणात दोन नियम एकाखाली एक होते, आणि नवा जो वर असेल तो आधी धरायचा. मी खालचा वर केला, वरचा खाली, आणि तेच वाक्य पुन्हा घातलं. त्याच्या नव्यानं क्षणात उत्तर दिलं. एक्केचाळीस हजार दोनशे सहा. एक लाल अक्षर नाही, हूं की चूं नाही.

"बघितलंस? तुझा बरोबर निघाला कारण तू ओळी नशिबानं बरोबर लावल्यास. उद्या कुणी दोन ओळी वरखाली केल्या तर हा दुसऱ्या कुणाचा तरी गळा कापेल आणि सांगणारसुद्धा नाही. माझ्यानं सात वेळा सांगितलं होतं. तोंड मी बांधलं. गाढव मी आहे, तो नाही."

"ते मी म्हटलं नाही."

"मीच म्हणते आहे. म्हातारा राहणार. ती ओळ जाणार, सातही पेच मी बसून सोडवणार, आणि काय झालं होतं ते पत्रात लिहून जाणार."

"पत्रात लिहिलंस तर ते घेणार नाहीत," जिनदत्त म्हणाला. त्यानं लॅपटॉप मिटला आणि पिशवीत घातला. साडेचारच्या बसला तो साडेतीनलाच निघून गेला.

रविवारी सकाळी मी कुपवाडला अण्णांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीऐवजी जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्यात लावलेला कढीपत्ता. अण्णांच्या बायकोनं, गंगव्वाबाईंनी, दार उघडलं आणि या म्हणाल्या नाहीत. आतून अण्णा आले. पांढरी बनियन, दाढी वाढलेली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. चाळण चुकली, माझ्यामुळं चुकली, उद्या समितीपुढं येऊन मी हे सांगणार आहे.

मला वाटलं होतं, माणूस मोकळा होईल. रडेल, निदान खाली तरी बसेल. अण्णा तसेच उभे राहिले.

"तीन आठवडं," ते म्हणाले. "हिनं नळावर जायचं सोडलंय. बायका पेपरफोड्याची बायको म्हणत्यात. आणि तुम्ही मला आज सांगायला आलाय की चाळण चुकली."

"अण्णा, मला कालच कळलं."

"तुम्हाला काल कळलं. मला त्याच दिवशी कळलं होतं. सांगायला आलो होतो. तुम्ही मान तरी वर केलीसा का?"

मी हात जोडायला गेले.

"माफी मागायला आलाय तर मागू नका," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उद्या यायच्या आधी वही बघा. माझी वही. एवढंच करा."

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी मी साडेनऊलाच प्रयोगशाळेत गेले. वही दाराशेजारी सुतळीनं खिळ्याला टांगलेली होती, जशी बावीस वर्षं असायची. मी पानं मागं उलटत गेले. अण्णा माझ्या खोलीत आले त्या मंगळवारचं पान निघालं. अण्णांचं अक्षर मोठं, शाळकरी, रेघेवर बसवलेलं.

यंत्राचं नाव या रकान्यात लिहिलं होतं, 'चाळण'. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'यंत्र ११ ची वायर काढून ठेवली. दिवसभर बंद. तरी चाळण ११ चे नऊ हजार दाखवते. वगळा शेवटी लिहिले तर शून्य दाखवते. मॅडमना सांगायला गेलो. ऐकले नाही.'

पाच ओळी. मी आणि जिनदत्तनं दोन लॅपटॉप लावून, एकमेकांची उणीदुणी काढून जे शोधलं, ते या माणसानं एक वायर उपसून शोधलं होतं आणि जिथं लिहायचं तिथं लिहून ठेवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप जास्त आला.

मग पानाच्या तळाशी बघितलं. तिथं छापलेलं होतं, 'सर्व तक्रारी वाचल्या, निवारण झाले'. त्याखाली माझी सही होती. निलंबनानंतरच्या शनिवारची. ऐटीत, खाली दोन टिंबं देऊन केलेली.

अकरा वाजता मी ती वही समितीच्या टेबलावर ठेवली. प्राचार्य होते, दोन विश्वस्त होते, आणि टोकाच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात अण्णा. मी आधी चाळणीची चूक सांगितली, मग वहीतल्या पाच ओळी वाचून दाखवल्या.

प्राचार्य म्हणाले, "मगदूम मॅडम, तुमचं साधन चुकलं असं तुम्ही लेखी देणार? याचे परिणाम कळतात ना तुम्हाला?"

"देणार."

"आणि ही खालची सही कुणाची? यांची तक्रार वाचून निवारण झालं म्हणणारी?"

"माझी," मी म्हटलं. "न वाचता केलेली."

एक विश्वस्त खोकले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते वहीकडं बघत होते.

अण्णा त्याच आठवड्यात कामावर आले. पेपर कुणी फोडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. विद्यापीठानं पत्र वाचून चाळण नाकारली, जिनदत्त दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. सात पेच सोडवायला मला पावणेदोन महिने लागले. प्रत्येक पेचाला म्हातारा लाल अक्षरात ओरडायचा आणि मी त्याला एकदाही गप केलं नाही.

पण मला आठवतो तो अण्णा परत आल्यानंतरचा पहिला शनिवार. दुपारी ते वही घेऊन माझ्या खोलीत आले. मी काहीतरी लिहीत होते. त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली. मी सवयीनं पेन उचललं आणि सहीच्या जागी नेलं.

अण्णांनी त्या जागेवर पंजा ठेवला. जाड, वायरी सोलून सोलून चिरलेली बोटं.

"आधी वाचा," ते म्हणाले.

मी मान वर केली. ते हसत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. वाट बघत होते.

मी पेन खाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. चार नंबरचा माऊस अडकतो. नऊ नंबरच्या कीबोर्डचं 'म' उमटत नाही. खिडकीचा पंखा आवाज करतो. अण्णा पंजा तसाच ठेवून ऐकत होते. शेवटची ओळ झाल्यावरच त्यांनी हात उचलला.